देवमाणूस नको, उत्तरदायी डॉक्टर हवा : वाई, म्हैसाळ, फलटण आणि आरोग्यनीतीचा प्रश्न

कृष्णाकाठची वाई मराठी माणसाला घाटांमुळे आणि विश्वकोशामुळे माहीत होती. ऑगस्ट २०१६ मध्ये तिचे नाव वेगळ्याच कारणाने देशभर गेले. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेच्या एक पदाधिकारी जूनमध्ये बेपत्ता झाल्या होत्या. त्यांचा शोध घेताना पोलीस वाईजवळच्या धोमला पोहोचले आणि तिथल्या फार्महाऊसच्या आवारातून पुरलेले मृतदेह बाहेर निघाले. परिसरात ‘डॉक्टर’ म्हणून वावरणाऱ्या संतोष पोळ याच्यावर २००३ ते २०१६ या काळात पाच महिला आणि एक पुरुष अशा सहा जणांच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला. भूल देताना वापरल्या जाणाऱ्या औषधाचा त्यासाठी वापर झाला, असे तपासात सांगितले गेले.

त्यानंतर सातच महिन्यांनी, मार्च २०१७ मध्ये, शेजारच्या सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातील म्हैसाळ गावाच्या ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. गर्भपातानंतर एका २६ वर्षांच्या विवाहितेचा मृत्यू झाला आणि त्यातून हे प्रकरण उघड झाले. आरोपी होमिओपॅथीचा डॉक्टर होता.

या दोन्ही प्रकरणांत दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. खून आणि बेकायदा गर्भपात हे पोलिसांचे आणि कायद्याचे विषय आहेत, त्यावर इथे निकाल द्यायचा नाही. आमचा प्रश्न गुन्ह्याच्या आधीच्या वर्षांबद्दल आहे. तेरा वर्षे एक माणूस इंजेक्शन हातात घेऊन फिरतो, तेव्हा त्याची पदवी कोणती, हे विचारण्याची जबाबदारी कोणाची असते? ते औषध त्याच्या हाती कसे येते? बायका एकामागून एक बेपत्ता होतात, तेव्हा ‘गेली असेल कुठेतरी’ यावर गाव का थांबते?

२०२० मध्ये ‘देवमाणूस’ ही मालिका आली. वाईच्या प्रकरणावरून सुचलेली मालिका म्हणून तिची चर्चा झाली आणि घराघरांत ती करमणूक म्हणून पाहिली गेली. पण ते नावच आपल्या आरोग्यव्यवस्थेचा आजार सांगते. आपण डॉक्टरला देव मानतो आणि देवाला प्रश्न विचारायचे नसतात.

विचारणारा एकटा पडतो तेव्हा

ऑक्टोबर २०२५ मध्ये याच सातारा जिल्ह्यात फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या एका तरुण महिला डॉक्टरने आत्महत्या केली. तळहातावर लिहून ठेवलेल्या मजकुरात तिने एका पोलीस उपनिरीक्षकावर अत्याचाराचा आरोप केला होता. आरोपींच्या वैद्यकीय तपासणीचे दाखले हवे तसे द्यावेत यासाठी आपल्यावर दबाव येतो, अशी लेखी तक्रारही तिने काही महिने आधी केली होती. या प्रकरणाचा तपास आणि न्यायप्रक्रिया आपल्या मार्गाने जाईल. पण ती तक्रार आम्ही इथे मुद्दाम नोंदवतो.

वाईत डॉक्टर म्हणवणाऱ्याला कोणी विचारले नाही. फलटणला डॉक्टर स्वतः विचारत होती आणि तिच्या बाजूने उभे राहील अशी जागा तिला मिळाली नाही. आरोपीची प्रकृती ठीक आहे की नाही, हा दाखला म्हणजे वैद्यकीय नीतीचा अगदी मूळ प्रश्न आहे. डॉक्टरने खरे लिहायचे की वर्दीला सोयीचे लिहायचे? असा प्रश्न समोर आला तर तालुक्याच्या डॉक्टरने कोणाकडे जायचे? वरिष्ठांकडे, पोलिसांकडे की थेट न्यायालयात? आजाराबद्दल सल्ला हवा असेल तर तज्ज्ञ डॉक्टरला फोन लावता येतो. नीतीबद्दल सल्ला हवा असेल तर लावायला नंबर नाही.

जगात अनेक ठिकाणी या कामासाठी एक वेगळा पेशा उभा राहिला आहे. त्याला आरोग्यनीतितज्ज्ञ किंवा वैद्यकीय नीतितज्ज्ञ म्हणतात.

हा माणूस नेमके काय करतो?

आरोग्यनीतितज्ज्ञ रुग्णालयाचा वकील नसतो आणि तक्रारपेटीही नसतो. औषध कोणते द्यायचे हे तो सांगत नाही. उपचारांच्या निर्णयात कोणाचे हित पाहिले जात आहे, कोणाला माहिती मिळालेली नाही आणि कोणाचा आवाज ऐकलाच गेला नाही, हे शोधणे त्याचे काम असते. त्यात डॉक्टर येतात, तसेच तत्त्वज्ञान, कायदा आणि समाजशास्त्राचे अभ्यासकही येतात.

त्याच्या कामाच्या मुख्य जागा तीन. पहिली रुग्णाच्या खाटेजवळची. अतिदक्षता विभागातील रुग्णाचा व्हेंटिलेटर काढायचा का, हा प्रश्न नातेवाइकांपुढे येतो तेव्हा एका बाजूला माया असते आणि दुसऱ्या बाजूला वाढत चाललेले बिल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. तरी त्या कुटुंबाशी शांतपणे बोलणारा माणूस बहुतेक रुग्णालयांत नसतो. दुसरी जागा संशोधनाची. नव्या औषधाची माणसांवर चाचणी घेण्यापूर्वी नैतिकता समितीची परवानगी लागते. तिसरी जागा धोरणाची. सरकारी पैसा कोणत्या आजारावर, कोणत्या जिल्ह्यात खर्च व्हावा, हासुद्धा नीतीचाच प्रश्न आहे.

भारतात यापैकी दुसरी जागा तेवढी कायद्याने बांधलेली आहे. पहिल्या जागेवर खुर्चीच नाही आणि तिसऱ्या जागेवर बहुतेक वेळा अर्थखातेच बसलेले असते.

महाराष्ट्रात ही चळवळ विद्यापीठाच्या वर्गात जन्मलेली नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९९२ मध्ये मुंबईतील काही डॉक्टरांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची निवडणूक व्यवसायातील भ्रष्टाचाराच्या विरोधात लढवली. तिथल्या गैरप्रकारांचा अनुभव घेऊन त्यांनी ‘फोरम फॉर मेडिकल एथिक्स’ उभा केला आणि १९९३ पासून नियतकालिक सुरू केले. तेच आज ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ म्हणून ओळखले जाते. म्हणजे आपल्याकडे वैद्यकीय नीतीचा उगमच व्यवस्थेला प्रश्न विचारण्यातून झाला.

फॉर्मवरचा अंगठा

आता खरी कसोटी. आरोग्यनीतितज्ज्ञाची जबाबदारी संमतिपत्रावर सही आहे की नाही हे पाहण्यापुरतीच आहे का?

वाई तालुक्यात भुईंजला किसन वीर सहकारी साखर कारखाना आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कारखान्यांना ऊस पुरवणारे हात मोठ्या प्रमाणावर मराठवाड्यातून, विशेषतः बीडमधून येतात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने सर्वेक्षण केले. त्यात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायकाही होत्या.

यातील बहुतेक शस्त्रक्रियांची कागदपत्रे असतील आणि त्यांवर सही किंवा अंगठाही असेल. फक्त फॉर्म पाहणाऱ्या तज्ज्ञाला तिथे काहीच चुकीचे दिसणार नाही. सामाजिक जबाबदारी मानणारा तज्ज्ञ पुढचे विचारेल. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. फडात संडास नाही, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही. अशा बाईला ‘पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते, तेव्हा ती दिलेली संमती कितपत तिची स्वतःची असते? ज्या कारखान्याचा हंगाम तिच्या अंगमेहनतीवर चालतो, त्याची जबाबदारी कोणत्या फॉर्मवर लिहिलेली असते?

दुसरे उदाहरण संशोधनाचे आहे. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये आणि पुढे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे मोठे अभ्यास झाले. काही गटांतील महिलांची तपासणी झाली. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाची झाली नाही. तमिळनाडूतील तशाच एका अभ्यासासह तपासणी न झालेल्या महिलांची संख्या सुमारे १ लाख ३८ हजार होती आणि त्यांत किमान २५४ जणी या कर्करोगाने मरण पावल्या, असा आक्षेप पुढे टीकाकारांनी घेतला. संशोधकांचे उत्तर असे होते की भारतात या महिलांना एरवीही तपासणी मिळत नाही, त्यामुळे अभ्यासाने त्यांच्याकडून काही हिरावले नाही. या अभ्यासांतून स्वस्त तपासणीने मृत्यू कमी होतात हे सिद्ध झाले, हेही खरे आहे. त्याचा उपयोग पुढच्या महिलांना होईल.

तरीही ‘त्यांना तसेही काही मिळत नव्हते’ या वाक्यावर आपण थांबले पाहिजे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाण्यापासून दूर ठेवले, त्यांना या वाक्याची चांगली ओळख आहे. वंचितपणा हीच कोणाची ‘नेहमीची स्थिती’ ठरवली की त्या स्थितीत त्यांना तसेच ठेवणे अन्याय वाटेनासे होते. हे दाखवून देणे, आणि ते परवानगी देण्याआधी दाखवून देणे, हे नैतिकता समितीतल्या तज्ज्ञाचे काम आहे.

तटस्थता कोणाच्या सोयीची?

यावर एक गंभीर आक्षेप आहे. आरोग्यनीतितज्ज्ञ कार्यकर्ता झाला तर डॉक्टर त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीत, त्याने तटस्थ राहून सल्ला द्यावा, असे अनेक जाणकार म्हणतात. यात तथ्य आहे. खाटेजवळच्या निर्णयात त्याने स्वतःचे मत लादता कामा नये. उपचार थांबवायचे की चालू ठेवायचे, हा निर्णय रुग्णाचा आणि त्याच्या माणसांचा. तिथे तटस्थता हवीच.

पण टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर, व्यवस्थापन आणि औषध कंपनी बसली असेल आणि दुसऱ्या बाजूला एकटी अंगठाबहाद्दर बाई, तर मधोमध बसणारा माणूस तटस्थ राहत नाही. त्याचे वजन आपोआप जड बाजूला पडते. शिवाय त्याचे मानधन कोण देतो? रुग्णालयच देते. अशा वेळी तो रुग्णालयाचा पुजारी होण्याचा धोका असतो. व्यवस्थापनाने निर्णय घ्यायचा आणि याने त्यावर नीतीचे तीर्थ शिंपडायचे.

समितीत कोण बसते यावर किती अवलंबून असते, याचा धडा अमेरिकेत १९६२ मध्येच मिळाला. सिएटल शहरात डायलिसिसची यंत्रे मोजकी आणि रुग्ण अनेक होते. कोणाला यंत्र द्यायचे हे ठरवण्यासाठी सात जणांची समिती नेमली गेली. उत्पन्न, शिक्षण, चर्चमधला सहभाग, समाजातले ‘मोल’ अशा गोष्टी पाहून तिने निवड केली. लोकांनी तिला ‘गॉड कमिटी’ असे नाव दिले. त्या सात जणांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यांनी आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारखी जगणारी माणसे जास्त मोलाची मानली. आपल्याकडे अशी समिती बसली, तर ‘मोल’ या शब्दाखाली जात आपोआप येऊन बसेल, हे वेगळे सांगायला नको.

२०१९ मध्ये एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात नीती आणि संवाद शिकवणारा ‘एटकॉम’ हा भाग आला. त्याच वर्षी २२ मे रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. वरिष्ठांकडून जातीय छळ झाल्याचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे. वर्गात शिकवलेल्या नीतीला वॉर्डातल्या जातीचे नाव घेता येत नसेल, तर तो धडा फक्त परीक्षेपुरता उरतो.

सातारा-सांगलीने काय शिकवले?

या दोन जिल्ह्यांची ओळख फक्त धोम आणि म्हैसाळवर संपत नाही. गर्भलिंग तपासणीच्या विरोधात महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, तो महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. कायदा आला तरी २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९१३ वरून ८९४ वर घसरली. सोनोग्राफीचे यंत्र सुशिक्षित डॉक्टरांच्याच हातात होते.

साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या दलित महिला विकास मंडळाने या यंत्राला प्रश्न विचारला. त्यांच्या ‘लेक लाडकी अभियाना’ने गर्भवती महिलांना सोबत घेऊन सापळे रचले, डॉक्टरांना पुराव्यासह पकडून दिले आणि खटले चालवले. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. ‘आरोग्यनीतितज्ज्ञ’ अशी पाटी त्यांच्या दारावर नसेल. पण वैद्यकाची सामाजिक जबाबदारी काय असते, हे त्यांनी जिल्हा न्यायालयांत उभे राहून दाखवले.

इथेच प्रशिक्षित तज्ज्ञाची गरजही कळते. म्हैसाळनंतर ‘गर्भपात म्हणजेच पाप’ अशी भाषा ऐकू येऊ लागली. १९७१ च्या कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने महिलेला सुरक्षित गर्भपाताचा मार्ग दिलेला आहे. गुन्हा आहे तो लिंग पाहून गर्भ पाडण्याचा आणि अपात्र हातांनी तो करण्याचा. हा फरक पुसला गेला तर भीतीपोटी चांगले डॉक्टर नकार देतात आणि गरीब बाई पुन्हा म्हैसाळच्याच वाटेने जाते. संताप आणि न्याय यांतला फरक शांत डोक्याने सांगणारा माणूस समाजाला हवा असतो.

धम्माची कसोटी

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणीही त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझी काळजी घेत नाहीत. बुद्धांनी आनंदांच्या मदतीने त्याला स्वतः स्नान घातले, उचलून निजवले आणि नंतर संघाला जाब विचारला. रुग्णाची सेवा म्हणजे आपलीच सेवा, हे त्यांनी तिथे बजावले. चांगला शुश्रूषक कोण, याची लक्षणेही त्याच ठिकाणी दिली आहेत. त्यांत एक लक्षण असे की तो काही मिळावे म्हणून सेवा करत नाही.

या कथेत आरोग्यनीतीचा सगळा गाभा आहे. ‘जो उपयोगाचा नाही त्याची काळजी कोण घेणार’ हा तो प्रश्न. सिएटलच्या समितीने त्याचे उत्तर एका प्रकारे दिले, बुद्धांनी दुसऱ्या प्रकारे. आणि बुद्ध केवळ सेवा करून थांबले नाहीत. त्यांनी संघाला उत्तरदायी धरले, नियम घालून दिला. करुणेला व्यवस्थेची जोड दिली.

बाबासाहेबांनी धम्म समजावताना ईश्वराच्या जागी नीती ठेवली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील भक्ती ही अधोगतीची वाट असल्याचा इशारा दिला. तो इशारा दवाखान्यालाही लागू आहे. डॉक्टरवर विश्वास हवा, भक्ती नको. विश्वास तपासता येतो, भक्ती तपासू देत नाही. यात प्रामाणिक डॉक्टरचेही रक्षण आहे. आज ज्याला देव म्हटले जाते, त्यालाच उद्या रुग्ण दगावला की मारहाण होते.

आपण काय करायचे?

नव्या औषधांच्या चाचण्यांसंबंधीच्या २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे हवेत. एक सामान्य नागरिक, एक महिला, एक कायदेतज्ज्ञ आणि एक समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा सामाजिक संस्थेचा प्रतिनिधी असावाच लागतो. या जागा कायद्याने खुल्या आहेत. आपले कायदा, समाजशास्त्र, समाजकार्य, पाली आणि बौद्ध तत्त्वज्ञान शिकलेले तरुण-तरुणी तिथे का नसावेत? पुणे, सांगली-मिरज, कराडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अशा समित्या असतात. त्यांच्याकडे नावे पाठवा. पण अभ्यास करून जा. रिकामी सही करणारा आपला माणूस परक्या माणसापेक्षा जास्त नुकसान करतो.

गावपातळीवरची कामे तर उद्यापासून करता येतील. आपल्या भागातील डॉक्टरची नोंदणी आहे का, हे त्या-त्या वैद्यकीय परिषदेकडे पाहता येते. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याची कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव आहेत. २०२१ पासून राज्यातील खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावावी लागते. ती आपल्या तालुक्यात कुठे लागली आहे आणि कुठे नाही, याची यादी एखाद्या विहारातील युवक मंडळ एका रविवारी करू शकते. ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत कोण आहे, तिची बैठक कधी झाली, हे विचारा. २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीच्या जनसुनावण्यांमधून साध्या गावकऱ्यांनी आरोग्य अधिकाऱ्यांना जाब विचारला आहे. ही वाट चाललेली आहे, नवी पाडायची नाही.

सरकारकडे आमची मागणी एकच आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशी स्वतंत्र नीती सल्लागार समिती असावी, जिच्याकडे रुग्णही जाऊ शकेल आणि दबावाखालचा डॉक्टरही. तिचे मानधन त्या रुग्णालयाने देऊ नये. तिने वर्षातून एकदा लोकांसमोर अहवाल मांडावा. तिच्यात दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, अल्पसंख्याक आणि महिला यांना जागा असावी, आणि ती मेहरबानी म्हणून मिळू नये. जो मरणाच्या सर्वात जवळ असतो त्याला व्यवस्थेची चूक सर्वात आधी दिसते, म्हणून ती जागा त्याची आहे.

अशी समिती असती तर धोमचे सगळे जीव वाचले असते, असा दावा आम्ही करत नाही. पण फलटणच्या त्या डॉक्टरला तक्रार घेऊन जाण्यासाठी एक दार नक्की मिळाले असते. ते दार उघडून घेणे आपल्या पिढीचे काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!